कुडापलीकडचा दौलतसिंग

यंदाच्या शाळेच्या हस्तलिखितात दौलतसिंग गुरुजींवर कोणीतरी लिहावं असं ठरलं आणि हेडमास्तरांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. मी म्हटलं, दुसरं कोणी बघा. ते म्हणाले, "इंदरचंद, तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलं आहे?"

हे मात्र खरं. मत्सर करणाऱ्याइतकं बारीक कोणीच बघत नाही, दौलतसिंगाची बायको चंदाबाईसुद्धा नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच समजून असावं की हा माणूस मला कधी आवडला नाही आणि अजूनही आवडत नाही. तरी लिहितो ते खरं लिहितो. खोटं लिहून त्याला लहान करता आलं असतं, पण त्याला ओळखणारी माणसं याच गावात राहतात, आणि ती मला उभा सोलतील.

दौलतसिंगाचा जन्म रिठदच्या नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातला. बाप रामधन कापसाच्या गाड्या वाशीमच्या सरकी काढायच्या जिनात नेऊन घालायचा. आई गोमतीबाई अजून आहे, आणि तिचा आवाज नाला ओलांडून आमच्या दुकानापर्यंत येतो. आमचं म्हणजे माझे वडील भागचंदजी यांचं किराण्याचं दुकान, रिठदच्या बाजारात. रामधन मीठ-मिरची आमच्याकडूनच न्यायचा. त्याच्याबरोबर गाडीच्या साटीवर बसून दौलतसिंग यायचा आणि दुकानातल्या गुळाच्या ढेपेकडे टक लावून बघत राहायचा. माझे वडील त्याला खडा द्यायचे. मला मात्र कधी मागितल्याशिवाय मिळाला नाही.

पुढे आम्ही दोघं वाशीमच्या हायस्कुलात एका बाकावर आलो. मी मामाच्या घरी राहायचो, ऊन पोळी खाऊन शाळेत जायचो. तो जिनाच्या छपरीत गाडीवानांबरोबर झोपायचा आणि आपल्या हाताने भाकरी थापायचा. इंग्रजीत माझा पहिला नंबर. तो मॅट्रिकला इंग्रजीत एकदा सपशेल आपटला आणि दुसऱ्या खेपेला काठाला हात लावून वर आला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे सगळेजण ते सोयीस्करपणे विसरले. त्याचे उच्चार तर असे, की 'व्हर्ब'ला तो 'वरब' म्हणायचा. पण मधल्या सुट्टीत पोरांचं कोंडाळं असायचं ते त्याच्याभोवती. होळीच्या दिवसांत तो डफ वाजवत तांड्याची गाणी म्हणायचा आणि वाशीमची शहरी पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. मी तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून शब्दांच्या व्याख्या पाठ करत असे. मला वाटायचं, शेवटी विद्येलाच किंमत असते.

रिठदला नवी मिडल शाळा निघाली तेव्हा आम्ही दोघं तिथे मास्तर झालो. मी इंग्रजीला, तो गणित आणि कवायतीला. सगळं नीट चाललं होतं. मग तांड्यांवरची पोरं एकदम वाढली आणि इंग्रजीचा वर्ग मावेना. हेडमास्तरांनी वर्गाच्या मधोमध पऱ्हाट्यांचा कूड उभा केला, वरून शेणमातीचा हात फिरवला आणि दोन तुकड्या पाडल्या. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कूड तो, आढ्यापर्यंत पोचलाही नव्हता. इकडचा खोकला तिकडे ऐकू जायचा. दुसऱ्या तुकडीला मास्तर कोण, असा प्रश्न आला. आणि तेव्हा मीच, या माझ्याच तोंडाने म्हटलं, "तांड्याची पोरं तांड्याच्या मास्तरला द्या. त्यांची बोली त्यालाच कळते." गावची, बाजारातली, जरा चुणचुणीत पोरं मला हवी होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

माझ्या वर्गात शिस्त होती. मी व्याख्या सांगायचो, पोरं एका सुरात म्हणायची. नाउन म्हणजे काय, व्हर्ब म्हणजे काय, शब्दांच्या आठ जाती कोणत्या. इतकी शिस्त होती की माशी बसलेली कळायची. आणि त्या शांततेत कुडापलीकडून गलका येऊ लागला.

तो दंगा नव्हता. दंगा असता तर मी हेडमास्तरांकडे गेलो असतो. आधी हसू फुटायचं, मग एकदम शांत, आणि मग सगळ्या पोरांच्या घशातून एक हुंकार निघायचा. माणसाला काहीतरी उमजलं की निघतो तसला. मास्तरकीच्या साऱ्या वर्षांत तो हुंकार मी माझ्या वर्गात एकदाही ऐकला नव्हता. माझी पोरं व्याख्या म्हणता म्हणता कुडाकडे कलायची. शेवटी एक दिवस मलाही राहवलं नाही. पोरांना लिहायला लावून मी कुडाच्या फटीला डोळा लावला.

पोरं जमिनीवर ओळीने बसली होती आणि दौलतसिंग मिशीला पीळ देत त्यांच्यापुढे फिरत होता. "इंग्रजीचं वाक्य म्हन्जे तांडा," तो सांगत होता. "तांड्याले पयले काय लागते? नाईक. तो नाउन. पन नाईक नुसता बसून राह्यला तर तांडा हालते का? हालवते कोन? कारभारी. तो वरब. आपल्या बोलीत कारभारी सगळ्यायच्या मांगून येते अन् दारापाशी बसते. सायबाच्या तांड्यात तो नाइकाच्या मांडीले मांडी लावून बसते. एवढं ध्यानात ठेवा, अर्धी इंग्रजी आली."

अर्धी इंग्रजी! ती अर्धी यायला मला सहा वर्षं लागली होती.

मग बाकीची मंडळी. नाईक परगावी गेला की त्याच्या जागेवर बसणारा भाऊ तो प्रोनाउन. नाइकाची तारीफ गाणारा तांड्याचा भाट तो ॲडजेक्टिव्ह. काम कसं झालं, कधी झालं याची खबर आणणारा कारभाऱ्याचा हलकारा तो ॲडव्हर्ब. बैल आत बांधला की बाहेर, ते दाखवणारा खुंटा म्हणजे प्रिपोझिशन. दोन बैलांना जोडणारं दावं म्हणजे कंजंक्शन. आणि इंटरजेक्शन म्हणजे मधेच उठून "अगं माय!" करून बोंबलणारी म्हातारी. हे शेवटचं त्याने आपल्या आईवरूनच काढलं असणार. एकेक पोर एकेक सोंग घेऊन बसलेलं, आणि दौलतसिंग वाक्य सांगेल तसं ती जागा बदलत होती. दर सोमवारी सोंगंही बदलायची. या आठवड्याचा खुंटा पुढच्या आठवड्यात नाईक.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे शिकवणं होतं? कुठल्या पुस्तकात होतं हे? पण त्याच्या पोरांची वाक्यं बरोबर यायला लागली, आणि माझी पोरं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवायची अन् वाक्य लिहिताना व्हर्ब विसरायची. तांड्यावरची पोरं त्याला ओच्यात बोरं आणायची, हुरड्याच्या दिवसांत कोवळी कणसं आणायची. मला पोरं फक्त न येण्याची कारणं आणून द्यायची. एकदा मी भर वर्गात विचारलं, "व्हर्ब म्हणजे काय?" आमच्या आळीतला इंद्रभान ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "कारभारी, गुर्जी!" मी त्याला दिवसभर उभा ठेवला.

घरीही सुटका नव्हती. लग्न झाल्यापासून मी माझ्या बायकोला, कंचनबाईला, इंग्रजी शिकवू बघत होतो. मी नाउनची व्याख्या सुरू करायचो आणि दुसऱ्या ओळीला तिला जांभई यायची. मी समजत होतो की तिच्या डोक्यात ते शिरणारच नाही. आणि एका संध्याकाळी ताट वाढता वाढता ती म्हणाली, "आवो, इंग्रजीत कारभारी नाइकापाशी बसते, हे तुमी मले कधी सांगतलंच नाई." दुकानाच्या ओट्यावर पोरं तांडा-तांडा खेळत होती, ते बघून ती शिकली होती. वर म्हणाली, "दौलतसिंगभाऊ लय हुशार मानूस हाये." लसणाशिवायची आमची आमटी त्या दिवशी पहिल्यांदाच तिखट लागली.

स्पष्टच लिहितो. मला दौलतसिंगाची नोकरी नको होती, पगार तर सारखाच होता, आणि मिशी मला शोभली नसती. मला तो गलका हवा होता. एकदाच, पण तो कुडाच्या माझ्या बाजूने उठावा आणि दौलतसिंगाने तो पलीकडे उभं राहून ऐकावा, एवढीच माझी आस होती.

आणि मग देवाने माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.

त्या तांड्याचा खरा नाईक गोविंदसिंग. म्हातारा, पण ताठ. नाइकी त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्याचा नातू मोहनसिंग दौलतसिंगाच्याच वर्गात. एका सोमवारी पोरगा घरी गेला तेव्हा आजोबाने कौतुकाने विचारलं, आज काय शिकलास? पोरगा म्हणाला, "आज मी बोंबलनारी म्हातारी झालो. अन् सोमल्याचा जगदेव नाईक झाला."

सोमला म्हणजे तांड्यातल्या लोकांच्या शेळ्या वळणारा गरीब माणूस. त्याचा पोरगा नाईक, आणि नाइकाचा नातू म्हातारी! त्यातून मतदान नुकतंच होऊन गेलेलं. पेटीत चिठ्ठी टाकून मोठा माणूस निवडतात हे तांड्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पुढच्या खेपेला बदलतातही, हे ऐकलं होतं. तांड्यातली दोन-चार तरणी पोरं म्हणायलाही लागली होती की नाईक तरी जन्मभर एकच काहून? गोविंदसिंगाला वाटलं, दौलतसिंग शाळेत पोरांना हेच शिकवतो आहे. नाइकी दर सोमवारी बदलायची असते, हे तो त्यांच्या डोक्यात भरवतो आहे. सरकारी शाळेतून आपली गादी खालसा होते आहे.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरचं एकही पोर शाळेत आलं नाही. त्यानंतरही नाही. कुडापलीकडे दौलतसिंग रिकाम्या जमिनीपुढे खुर्ची टाकून बसायचा, आणि माझ्या वर्गात व्याख्या अशा खणखणीत निघायच्या की विचारू नका. मी बाहेर तोंड पाडून "वाईट झालं" म्हणायचो आणि आत मला गुदगुल्या व्हायच्या.

मग तांड्याचा कारभारी फुलसिंग आमच्या दुकानावर आला. म्हणाला, "मास्तर, नसाब बसनार हाये." नसाब म्हणजे त्यांची पंचायत. "नाईक म्हंते, जो पोट्ट्यायले असं शिकवते त्याच्या हातात पोट्टे द्यायचे नाई. पन न्यायानं व्हावं. तुमीबी इंग्रजी जानता. पुस्तकात खरंच असं लिवलं हाये का, ते येऊन सांगा. तुमच्या सबदावर ठरन."

माझ्या शब्दावर! आणि मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. पुस्तकात तसं लिहिलेलंच नव्हतं. खरं बोलून शत्रू बुडावा असा योग किती जणांच्या वाट्याला येतो? मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, काखेत व्याकरणाचं पुस्तक घेतलं. आमच्या जैनांच्या घरी दिवस मावळल्यावर अन्न नसतं, म्हणून कंचनबाई म्हणाली, "जेवून जा." मी म्हटलं, "एका वाक्याचं काम आहे. येतोच."

नाइकाच्या अंगणात लिंबाखाली माणसं बसली होती, एका अंगाला बायका. त्या तांड्यात अशी रीत की ज्याच्यावर नसाब बसते त्याने आपल्या बाजूने तोंड उघडायचं नाही. त्याचं जे काय असेल ते दुसऱ्याने बोलायचं. दौलतसिंग खाली मान घालून बसला होता. ज्याचं तोंड कधी मिटलेलं मी पाहिलं नव्हतं तो गप्प होता, आणि त्याची मिशीही जरा उतरल्यासारखी दिसत होती. मी खुर्चीवर बसलो. अख्ख्या तांड्यात तेवढी एकच खुर्ची होती.

गोविंदसिंग म्हणाला, "मास्तर, तुमी शिकले-सवरले. खरं सांगा. इंग्रजी पुस्तकात असं लिवलं हाये का, का नाईक दर हप्त्याले बदलते?"

"नाही," मी म्हटलं. "पुस्तकात नाईक हा शब्दच नाही."

सगळीकडे कुजबुज झाली. चंदाबाईने पदर तोंडाला लावला. झालं होतं माझं काम. मी तिथून उठलो असतो तर आज दौलतसिंग कापसाच्या गाड्या हाकत असता.

पण नाईक म्हणाला, "मंग काय लिवलं हाये? वाचा."

मी उभा राहून वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. व्यक्ती, स्थळ अथवा वस्तू यांच्या नावास नाम असे म्हणतात. क्रिया अथवा स्थिती दर्शविणाऱ्या शब्दास क्रियापद असे म्हणतात. अंगणात शांतता पसरली. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती, रोज माझ्या वर्गात असायची. एका म्हाताऱ्याने जांभई दिली. आणि बायकांमधून गोमतीबाईचा आवाज आला, "अरे बाप्पा! हा मास्तर पोट्ट्यायले हेच वाचून दाखवते? मंग त्याचे पोट्टे जागे कसे राह्यते वं?"

अख्खं अंगण हसलं. मी दौलतसिंगाकडे पाहिलं. त्याची मान खालीच होती, पण मिशी हलत होती.

ते मला सोसलं नाही. त्याच्यावर नसाब बसलेली, त्याची पोरं गेलेली, आणि तरी तो मला हसतो! मी पुस्तक फाडकन मिटलं. यांना समजावून सांगता येतं, आणि मलाही येतं, हे आता दाखवल्याशिवाय मी हलणार नव्हतो.

"नाईकजी," मी म्हटलं, "तुमच्या पांढऱ्या बैलानं काल दावं तोडलं म्हणे?"

"तोडलं."

"बैलानं दावं तोडलं. ही गोष्ट कोणाची?"

"बैलाची."

"मग या गोष्टीपुरता नाईक कोण?"

मागून एकजण हळूच म्हणाला, "बैल?" लोक हसले आणि लगेच नाइकाच्या तोंडाकडे बघून गप्प झाले. गोविंदसिंगाच्या भुवया वर गेल्या होत्या. पण आता मागे फिरणं नव्हतं.

"बैल दावं तोडून पळाला, गोष्ट संपली. आता त्या बैलाला कोणी नाईक म्हणेल?"

"कायले म्हनन?"

"तसंच सोमलाच्या पोराचं. त्याची गोष्ट चालू आहे तोवर तो नाईक. गोष्ट सरली की नाइकी सरली. तुमची नाइकी गोष्टीतली नाही. ती बैलालाही मिळत नाही आणि जगदेवालाही नाही."

"म्हन्जे ती बोलन्यापुरती नाइकी," नाईक सावकाश म्हणाला.

"बोलण्यापुरती."

फुलसिंग पुढे सरकला. त्याला आता स्वतःची काळजी लागली होती. "अन् कारभारी? बैल नाईक झाला, मंग कारभारी कोन?"

"'तोडलं' हा कारभारी," मी म्हटलं. "काढून टाका त्याला. 'बैलानं दावं.' काय समजलं?"

"काईच नाई."

"बघा. कारभाऱ्यावाचून तांडा मुका." फुलसिंग ताठ बसला आणि त्याने चारी बाजूंना पाहिलं. आणि लिंबाखाली बसलेल्या माणसांच्या घशातून तो हुंकार निघाला. माझ्या बोलण्यावर.

नाईक मात्र अजून पाघळला नव्हता. त्याने नातवाला मांडीवर ओढलं. "ते ठीक हाये. पन माह्या नातवाले म्हातारी काहून केलं?"

हाच खरा प्रश्न होता. दौलतसिंगाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ते मात्र त्याचं चुकलं" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण कानात तो हुंकार घुमत होता आणि मला आणखी एक हवा होता. हावरटपणाच तो, दुसरं काही नाही.

"नाईकजी," मी म्हटलं, "बाकीचे सगळे एकमेकांच्या हुकमात. नाईक बघून कारभारी चालतो, भाट नाइकाच्या दारात उभा, हलकारा कारभाऱ्याच्या मागे. एकटी ती म्हातारी कोणाच्याच हुकमात नाही. मनात येईल तेव्हा उठते, बोलते आणि बसते. सायबाच्या पुस्तकात तिच्या शेजारी भालदार उभा करतात." मी काडी घेऊन धुळीत एक उभी रेघ काढली आणि खाली एक ठिपका दिला. "हा भाला आणि हे भालदाराचं पाऊल. जोरात बोलणाऱ्या म्हातारीपाशी ही खूण उभी राहते. नाइकाला, कारभाऱ्याला असा स्वतःचा भालदार नाही."

गोविंदसिंग वाकून त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने नातवाकडे पाहिलं. "याच्यापाशी भाला हाये?"

"आहे."

आणि मग जो गलका उठला! हसू, हुंकार, बायकांच्या टाळ्या, आणि सगळ्यांवर गोमतीबाईचं "अगं माय!" लोक म्हणाले, अजून सांगा. मी खुंटा सांगितला, दावं सांगितलं, परगावी गेलेल्या नाइकाचा भाऊ सांगितला. टोपी केव्हा काढून ठेवली कळलं नाही. दिवस केव्हा मावळला तेही कळलं नाही. त्या संध्याकाळसारखं मी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं, आणि दौलतसिंग दहा हातांवर बसून सगळं ऐकत होता.

नसाबीने पोरं शाळेत पाठवायचं ठरवलं. गूळ वाटला. नाइकाने मला जवळ बोलावून माझ्या पाठीवर थाप मारली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दौलतसिंग, तुयी विद्या खरी. तुया हा चेला तुयापक्षा झ्याक समजावते."

चेला! वाशीमच्या हायस्कुलात इंग्रजीत पहिला नंबर आलेला मी, मॅट्रिकला आपटलेल्या माणसाचा चेला! मी दौलतसिंगाकडे पाहिलं. आता त्याला बोलायची मोकळीक होती. तो म्हणू शकला असता की असं नाही, इंदरचंद माझ्याआधी शिकला. त्या लबाडाने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शिकवलं हाये थोडंफार, नाईकबाबा."

नाल्यापर्यंत तो मला पोचवायला आला. मी त्याच्या दोन पावलं पुढेच चालत राहिलो. पाण्याशी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "इंदर, ते भाल्याचं मले जलमात सुचलं नसतं." खोटं कशाला सांगू, ते ऐकून उपाशी पोटाने मी उड्या मारत घरी गेलो.

कंचनबाई ताट झाकून बसली होती. आता ते ताट उघडता येणार नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, बैल, दावं, भाला, सगळं. तिला एकदाही जांभई आली नाही. वाटलं, आता तरी म्हणेल की तुम्ही लय हुशार. ती झाकलेलं ताट उचलत म्हणाली, "तुमाले असं सांगता येत होतं, तर इतके वर्सं मले काहून नाई सांगतलं?" त्या रात्री भुकेने झोप लागली नाही, असं मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तांड्याची पोरं परत आली. मी अजून हजेरीच घेत होतो, तेवढ्यात कुडापलीकडून दौलतसिंगाचा आवाज आला, "आता म्हातारीपाशी एक भालदार उभा करायचा!" आणि जो गलका झाला तो आजवरच्या सगळ्या गलक्यांपेक्षा मोठा होता. भाला माझा, गलका त्याचा. मी तिथे ओरडून सांगायला हवं होतं. पण ज्या वर्गात माशी बसलेली कळते तिथल्या मास्तरने ओरडायचं कसं?

असा तो दौलतसिंग. पुढे आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, नव्या शाळा निघाल्या, आणि तो मेडशीकडच्या एका शाळेत हेडमास्तर म्हणून गेला. मी नाही, तो. मोटरीच्या टपावर सामान चढलं, चंदाबाई खिडकीशी बसली, आणि गावची अन् तांड्याची पोरं सडकेपर्यंत मोटरीमागे धावली. तो मला म्हणाला, "पोट्टे तुया हवाली." नाईकपण सोपवून चालल्यासारखं.

पोरं नव्या शाळांत वाटली गेल्यावर आमच्या दोन्ही तुकड्या एक झाल्या आणि कूड काढला. पऱ्हाट्या होळीत गेल्या. पहिल्याच दिवशी मी वर्गात आलो, तर 'कारभारी' म्हणताना राहिला होता तसाच ताडकन इंद्रभान उभा राहिला, "गुर्जी, आज नाईक कोन?" मी त्याला उभा ठेवला नाही. म्हटलं, "आज नाईक बैल." पोरं खदखदून हसली, मग गप्प झाली, मग तो हुंकार निघाला. अख्ख्या वर्गातून निघाला, माझ्या बाजूने. मी सवयीने कुडाकडे मान वळवली. तिथे आता पोरंच बसली होती, आणि भिंतीवर कुडाच्या लिंपणाचा राहिलेला डाग होता. पलीकडे ऐकायला कोणी नव्हतं.

तेव्हापासून रोज तसंच आहे. गलका होतो आणि मी त्या डागाकडे बघतो. हवं होतं ते सगळं मिळालं, फक्त ज्याचे कान जळावेत म्हणून ते हवं होतं तो पलीकडे नाही.

या हस्तलिखिताची एक प्रत मेडशीला जाणार आहे म्हणे. म्हणूनच मी हे लिहायला होकार दिला, नाहीतर मला काय गरज होती? दौलतसिंग, वाचत असशील तर वाच: माझ्या वर्गाचा गलका आता बाजारापर्यंत ऐकू येतो. खोटं वाटत असेल तर एक दिवस ये, आणि बाहेर उभा राहून ऐक.